कठड्यावरचा सातारा, मातीतला सातारा

साताऱ्यात बीएमएक्स चालवणारी दोन टोळकी आहेत आणि गेलं वर्षभर ती एकमेकांशी बोलत नव्हती. एक शहरातलं, दुकानांच्या कठड्यांवर आणि पायऱ्यांवर सायकल खेळवणारं. दुसरं कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातलं, शेताच्या कडेला मातीचे उंचवटे रचून त्यांवरून उडणारं. माझा मामेभाऊ शहरातल्या टोळक्यात आहे. मी स्वतः पुण्यात स्ट्रीटच चालवत आले, मातीवरच्या उड्या फक्त व्हिडिओत बघितलेल्या. डिसेंबरात सुट्टी जुळली तशी सायकल सुटी करून पिशवीत भरली आणि मामाचं घर गाठलं. दोन्ही मंडळींना भेटायचं, दोन्हीकडे चालवायचं, असं ठरवूनच गेले.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांना थोडं आधी सांगते. बीएमएक्स म्हणजे २० इंची चाकांची, एकाच गिअरची, ठेंगणी आणि भक्कम सायकल. १९७० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातली शाळकरी पोरं मोटोक्रॉसच्या मोटरसायकली बघून आपल्या लहान सायकली मातीच्या वाटांवर तशाच पळवू लागली. श्विन कंपनीची स्टिंग-रे ही तेव्हाची त्यांची लाडकी सायकल. शर्यतींनंतर कसरती आल्या आणि कसरतींच्या वेगवेगळ्या वाटा झाल्या. ट्रेल्सवाले झाडीत किंवा पडीक जागेत स्वतः खणून उड्यांची रांग बांधतात: चढ, मधे मोकळी जागा, पलीकडे उतार, लगेच पुढचा चढ. स्ट्रीटवाले काहीच बांधत नाहीत. कठडा, रेलिंग, पायऱ्या, उतरण, जे शहरात आधीच आहे त्यातून ते आपली वाट शोधतात. सायकलीही तशाच वेगळ्या होत गेल्या. स्ट्रीटची सायकल मागून आखूड, पटकन वळणारी, चाकांच्या अॅक्सलला पेग नावाची नळकांडी, ब्रेक बहुतेकदा काढून टाकलेला. ट्रेल्सची सायकल जरा लांब, हवेत स्थिर राहणारी, पेग नाहीत आणि मागचा ब्रेक शक्यतो असतोच.

शुक्रवार : राजपथावर रात्री

दुपारी पोहोचले तेव्हा मामीने पिठलं-भाकरी आणि ताजा खर्डा करून ठेवला होता. खर्डा इतका झणझणीत की मामा ताटात दह्याची वाटी पालथी करून मगच जेवायला बसला. घर यादोगोपाळ पेठेत. जेवण झाल्यावर गच्चीवर सायकल जोडली, समोर अजिंक्यतारा. सातारा या किल्ल्याच्या उतारावर वसलंय, त्यामुळे स्ट्रीट चालवणाऱ्याला इथे वेग फुकट मिळतो. पुण्यात एखाद्या कठड्यापर्यंत पोहोचायला जीव तोडून पेडल मारावं लागतं. इथे राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे निघालं की सायकल आपणच पळते. अर्थात दिवसा ते शक्य नाही. राजपथावर दिवसा गर्दी, दुचाक्या, हातगाड्या. पोरं बाहेर पडतात ती दुकानांची शटरं खाली आल्यावर.

साडेनऊला मोती चौकात जमलो. थंडी चांगलीच होती, एकाने तर कानटोपीवर हेल्मेट चढवलं होतं. तिथून एका बंद झालेल्या व्यापारी संकुलाच्या मागे गेलो. तिथला ग्रॅनाइटचा कठडा ही या मंडळींची मुख्य जागा. शहरात दगडी कठडे खूप आहेत, पण काळा घडीव दगड खरखरीत असतो, पेग त्यावर सरकत नाही, जागीच अडकतो आणि माणूस पुढे फेकला जातो. ग्रॅनाइट गुळगुळीत. त्यावर आणखी साधी मेणबत्ती घासायची, की सायकल सरसर जाते.

पेगचं इथलं काम मला फार आवडलं. लोखंडी पेग कठड्यावर काळे चरे पाडतात आणि दुकानदारांची तक्रार तिथूनच सुरू होते. बाहेर प्लॅस्टिकचे पेग मिळतात, पण मागवायचे म्हटलं की महाग पडतात. या पोरांनी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून नायलॉनचा जाड रॉड कातून घेतलाय. आत लोखंडी नळी, वर नायलॉनची टोपी. आवाज कमी, चरे जवळजवळ नाहीत. झिजली की नवी टोपी. मी माझ्यासाठीही जोडी सांगून आले.

संकुलाचे वॉचमन काका शेकोटीजवळ बसले होते. त्यांचं आणि पोरांचं सगळं आधीच ठरलेलं आहे: पुढच्या बाजूच्या संगमरवराला हात लावायचा नाही, मागे खेळायचं, जाताना मेण पुसायचं आणि साडेअकराला गेट बंद. "चरे पडले तर मालक तुम्हाला नाही, मला विचारणार," असं त्यांनी एकदाच सांगितलं आणि पोरांनी ते मनावर घेतलं. मामेभाऊ म्हणाला, आम्ही कुठे चालवतो यापेक्षा कुठे चालवत नाही ते बघ, ताई. चार भिंतीला नाही, ते १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. पोवई नाक्याच्या पुतळ्याच्या आसपास नाही. माहुलीच्या घाटाच्या पायऱ्यांवर नाही, खाली नदीकाठी लोक दिवस घालायला येतात. नाक्याखालच्या बोगद्यांमध्ये तर अजिबातच नाही. हे कुणी लिहून दिलेलं नाही, नवा पोरगा आला की तोंडी सांगतात.

त्या रात्री एक जण एकाच कसरतीच्या मागे लागला होता. पुढचा-मागचा दोन्ही पेग कठड्यावर टेकवून शेवटपर्यंत घसरत जायचं आणि उतरताना अर्धा गोल फिरून उलटं जमिनीवर यायचं. पडला, उठला, पुन्हा गेला. बाकीच्यांनी आपापल्या सायकली बाजूला लावल्या आणि भिंतीशी बसून राहिले. एकाच्या हातात मोबाईल, एकाच्या हातात टॉर्च. कुणी "सोड आता" म्हटलं नाही. सव्वाअकराला, काका किल्ली घेऊन उठले तेव्हा, त्याची चाकं सरळ टेकली. पोरांनी एवढा गलका केला की वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

स्ट्रीट म्हणजे हेच. अर्धं कौशल्य सायकलवरचं, अर्धं बघण्याचं. हजार लोक रोज ज्या कठड्यावर पिशवी टेकवून पुढे जातात, त्यात या मुलाला तीन आठवडे पुरेल एवढं काम दिसतं. अमेरिकेतही हा प्रकार असाच वाढला. १९८० च्या दशकाच्या शेवटी शर्यती आणि स्केटपार्कचा पैसा आटला, तेव्हा रायडर गल्ल्यांमध्ये उतरले. ज्या पेगवर आधी उभं राहून कसरती करायच्या, ते पेग स्केटबोर्डवाल्यांचं बघून कठड्यांवर घासले जाऊ लागले.

साताऱ्यात चालवायचं असेल तर थोड्या सूचना. वेळ रात्री साडेनऊनंतरची किंवा रविवारी सकाळी लवकर. टायरमध्ये हवा भरपूर ठेवा, उतारावरचे गतिरोधक अचानक येतात. ब्रेक नसलेली सायकल घेऊन राजपथावर उतरू नका. इथल्या उतारावर बुटाच्या तळव्याने थांबणं फक्त याच पोरांना जमतं. २० इंची जाड टायरच्या ट्यूब सोबत आणा, साध्या दुकानात लहान मुलांच्या सायकलीच्या पातळ ट्यूब मिळतात. मोती चौकातून कंदी पेढे दिवसाउजेडी घेऊन ठेवा, रात्री दुकानं बंद असतात. आणि मुलींसाठी: मी सोबत भाऊ होता म्हणून निश्चिंत होते. रात्री अकराला बंद संकुलामागे एकटीने जाऊन सराव करावा असं मी कुणाला सांगणार नाही, इथे नाही आणि पुण्यातही नाही. स्ट्रीटमध्ये मुली कमी दिसतात त्याचं मोठं कारण ही वेळ आणि ही जागा आहे, धाडस नव्हे.

शनिवार : आधी खोरं

गावाचं नाव लिहीत नाही. ट्रेल्सचा पत्ता सगळ्यांना सांगायचा नसतो, ही रीत जगभर आहे आणि त्या मुलांनीही मला तेच सांगितलं.

सकाळी मामाच्या टेम्पोतून सायकली घेऊन निघालो. माहुलीला कृष्णेचा पूल ओलांडला तेव्हा नदीवर धुकं होतं, वेण्णा येऊन मिळते ती बाजू तर दिसतच नव्हती. कोरेगाव रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर स्पीकर. या हंगामात त्या रस्त्यावर सायकल चालवत जायचा विचार करू नका, ट्रॉलीच्या मागून ऊस बाहेर लोंबत असतो.

मामेभाऊ गप्प गप्प होता. त्याचं कारण त्याने टेम्पोतच सांगितलं. गेल्या वर्षी परतीच्या पावसात शहरातली पोरं इथे आली होती. माती ओली होती, गावातली मुलं शेतावर नव्हती. यांनी तासभर उड्या मारल्या, रील काढल्या आणि गेले. ओल्या चढात चाकं रुतून खोल चाकोऱ्या पडल्या आणि ऊन पडल्यावर त्या तशाच कडक झाल्या. गावातल्या मुलांची सगळी दिवाळीची सुट्टी ते नीट करण्यात गेली. ओल्या ट्रेलवर सायकल घालणं हा या जगातला सगळ्यात मोठा अपराध मानतात, आणि तो यांच्या हातून झाला होता.

शेत विहिरीला लागून. काही वर्षांपूर्वी विहीर खोदली तेव्हा निघालेला मुरूम आणि मातीचा ढीग बांधालगत पडून होता. जमीनमालक काकांच्या थोरल्या मुलाने, तो आयटीआयला वेल्डिंग शिकतो, त्या ढिगाच्या उड्या केल्या. चार चढ, चार उतार, शेवटी डावीकडे वळणाची मातीची भिंत, तिला सगळीकडे बर्म म्हणतात. पहिला चढ गुडघ्याएवढा, शेवटचा माझ्या खांद्याएवढा. सगळ्या उड्यांवर ओली गोणपाटं झाकलेली.

थोरला आमच्याकडे बघून काही बोलला नाही. त्याने भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं, मामेभावाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "तिसरा उतार भरायचाय. घमेली तिकडं."

एवढंच. त्यानंतर दुपारपर्यंत आम्ही माती वाहिली.

ट्रेल्सची जगभरची पहिली अट हीच: नो डिग, नो राइड. खणलं नाही तर चालवायचं नाही. पेनसिल्व्हेनियात बेथलेहेमजवळचे पॉश आणि कॅटासॉक्वाजवळचे कॅटी हे ट्रेल्स, कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाचं शीप हिल्स, ही या जगातली मोठी नावं. तिथेही रायडर आधी फावडं धरतात, पावसानंतर माती बसवतात, उन्हाळ्यात पाणी मारतात, हिवाळ्यात ताडपत्री घालतात. एका चांगल्या ओळीमागे वर्षांची मेहनत असते आणि ती बऱ्याचदा दुसऱ्याच्या जमिनीवर. त्यामुळे एके दिवशी बुलडोझर आला की सगळं सपाट. अमेरिकेतल्या कितीतरी ट्रेल्सचा शेवट असाच झालाय. इथे मात्र जमीन घरची, आणि ज्यांच्याकडून जागा लपवायची ते काका स्वतःच टिकाव घेऊन मधे उभे.

पण माती सोपी नाही. कोरेगावकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं, त्याचा हा गुण. नुसत्या काळ्या मातीचा चढ डिसेंबरात सुंदर दिसतो आणि मार्चमध्ये त्यात बोट जाईल एवढी भेग. नुसता मुरूम घातला तर तो बसतच नाही, कडा ढासळते. पहिल्या वर्षी मुलांनी दोन्ही करून बघितलं आणि दोन्ही फसलं.

उत्तर दिलं आजीने. काकांची आई, वय ऐंशीच्या पुढे, रोज दुपारी काठी टेकत बांधावर येऊन बसते. तिने एकदा भेगा बघितल्या आणि विचारलं, "खळं कधी केलं न्हाई का रं?" खळं म्हणजे मळणीची जागा. आता मळणी यंत्राने होते, पण तिच्या उमेदीत दरवर्षी खळं तयार करायचं काम बायकांचं. जमीन भिजवायची, बैल फिरवायचे, धुमसाने ठोकायची, चोपण्याने चोपायची, मग शेणाने सारवायची. एवढं केलं की त्यावर बैलांची पात दिवसभर फिरली तरी माती सुटत नाही आणि दाण्यात खडा येत नाही. तिने मुलांना पडलेल्या जुन्या घराची पांढरी माती आणायला लावली. तिच्यात मुळातच काड कालवलेली असते, म्हणून ती वाळताना फाटत नाही. आत मुरुमाचा गाभा, पाणी निथळायला. वर वीतभर काळी आणि पांढरी एकत्र मळून. सगळ्यात वर पातळ शेणकाला.

मी त्या चढावर तळहात फिरवला. बांधावरच्या धुळीचा कण नाही, नख रुतत नाही, आणि तरी दगडासारखा कठीणही नाही. जगभरात ट्रेल्सवाले फावड्याच्या पाठीने माती थापतात. इथे थोरला आजीच्या काळचं लाकडी चोपणं वापरतो. मांडी घालून बसतो आणि एका लयीत चोपत जातो. आजी लांबून आवाज ऐकते आणि कुठे पोकळ राहिलं ते सांगते. "त्या अंगाला. न्हाई, अजून वर. हां, वाजलं बग." खरंच तिथे आवाज वेगळा येत होता.

माझ्या प्रवासातली सगळ्यात मोठी नवलाची गोष्ट हीच होती, आणि ही विद्या आजीबरोबर जाऊ नये असं मला फार वाटतं. मी थोरल्याला सगळं वहीत लिहून ठेवायला सांगितलंय, प्रमाणासकट.

दुपारचं जेवण ओट्यावर. वाघ्या घेवड्याची आमटी, शाळूची भाकरी, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी. कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात, शिजल्यावर ते विरतात आणि आमटीला दाटपणा येतो. खणून आल्यावर ती आमटी भुरकून प्यायची. काकूंनी मला निघताना दोन किलो बांधून दिला, पैसे घेतले नाहीत.

जेवताना काकांनी विचारलं, "हे ऑलिंपिकला असतंय का ओ ताई?" मी सांगितलं ते असं. बीएमएक्सची शर्यत २००८ ला बीजिंगपासून आहे. फ्रीस्टाइल पार्क, म्हणजे लाकडी-काँक्रीटच्या रॅम्पवरच्या कसरती, टोकियोपासून. ते ऑलिंपिक २०२० चं, पण झालं २०२१ ला. तुमच्या पोराच्या मातीच्या उड्या आणि माझ्या भावाचे कठडे, दोन्ही तिथे नाहीत. काका थोडा वेळ जेवत राहिले. मग म्हणाले, "नसू दे. पोरगं सांजचं घरी असतंय." आणि त्यांनी आणखी आमटी घेतली.

थोरल्याचा दुसरा उद्योग म्हणजे वेल्डिंग. इथल्या बहुतेक मुलांकडे स्वस्त साध्या लोखंडाच्या सायकली आहेत. उडीच्या दणक्याने त्यांची फ्रेम हेड ट्यूबजवळ, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या नळीपाशी, तडकते. चांगल्या बीएमएक्स फ्रेम ४१३० क्रोमोली पोलादाच्या असतात, पण त्यांची किंमत या घरांच्या आवाक्यात नाही. थोरला तिथे पत्र्याचा त्रिकोण जोडून देतो. मी त्याला एवढंच सांगितलं की तडकलेली फ्रेम एकदा जोडली तरी ती लहान उड्यांपुरतीच ठेव, चौथ्या उडीवर तिला नेऊ नकोस. त्यालाही ते पटलेलं होतं. अशा सायकलींना त्याने हँडलला लाल चिंधी बांधली आहे.

शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. त्यामुळे दहानंतर मोटर सुरू झाली तेव्हा आधी गव्हाला पाणी आणि मग उड्यांना. मामेभाऊ आणि थोरला पाइप धरून उभे, पाइपच्या तोंडावर बोट ठेवून धार बारीक करायची, नाहीतर सारवण धुऊन जातं. मी आजीजवळ झोपायला गेले. बाहेर दोघं बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

ट्रेल्स बघायला किंवा बांधायला जाणाऱ्यांसाठी. खणायचा हंगाम दसऱ्यानंतरचा: पाऊस थांबलेला, जमिनीत ओल टिकलेली. फेब्रुवारीपासून पाण्याशिवाय भागत नाही. माती ओली आहे का हे अंगठ्याने दाबून बघा, ठसा उमटला तर सायकल पिशवीतच राहू द्या. जिथे जाल तिथे दुपारपर्यंत खणायची तयारी ठेवा आणि हातमोजे न्या. पहिल्या उडीची मधली जागा भरलेली असावी, अशा उडीला टेबलटॉप म्हणतात. कमी पडलं तरी सपाटीवर उतरता येतं. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय एक घमेलंही हलवू नका. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट शक्य असेल तर तेच घाला.

रविवार : शेत, आणि मग पुन्हा शहर

सकाळी सात वाजता गोणपाटं काढली. रात्रीचं पाणी मुरून माती गडद झालेली, अंगठा रुतत नव्हता. आम्ही पेग काढून ठेवले, कारण पडताना ते पायात घुसतात आणि मातीही उकरतात.

थोरल्याने चालू करायच्या आधी मला एकच गोष्ट सांगितली: "ताई, ओढायचं नाही. माती उडवते." स्ट्रीटवाल्याची सवय हँडल ओढून सायकल उचलायची, कारण सपाट रस्ता काही देत नाही. इथे चढाचा बाकच सायकलला वर नेतो. आपलं काम उतारावर सायकल खाली ढकलायची, चढ लागला की गुडघे आणि कोपर मोडून तो अंगात घ्यायचा. ते नीट साधलं की पेडल न मारता वेग वाढत जातो. पहिली उडी, दुसरी, आणि मग मधे विचार करायला वेळच नसतो. एकीचा उतार संपतो तिथे दुसरीचा चढ सुरू झालेला असतो. पोटात गोळा येतो, कानात वारा भरतो आणि चाकं उताराला लागतात तेव्हा आवाजच होत नाही. कठड्यावर मला हे कधी मिळालं नव्हतं. तिथे प्रत्येक कसरत सुटी असते. इथे सगळी ओळ मिळून एकच गोष्ट असते, आणि तिसरी उडी चुकली तर चौथी मिळत नाही.

मामेभाऊ तिसऱ्या उडीला कमी पडला. मागचं चाक उताराच्या अलीकडच्या कडेवर आदळलं, तो हँडलवरून पुढे गेला आणि खांद्यावर पडला. फार लागलं नाही, पण उताराची कड फुटली. तो उठला, कपडे झटकले नाहीत, सरळ चोपणं आणि पाण्याची बादली घेऊन ती कड बसवायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. बांधावर बसलेली आजी म्हणाली, "आता शिकलं."

काकांची सहावीतली मुलगी शाळेच्या स्कर्टखाली ट्रॅकपँट घालून आली आणि टेबलटॉपवरून अशा सहजपणे गेली की मी थांबून बघत राहिले. तिच्या दोन मैत्रिणी रांगेत होत्या, तिघींत एक सायकल. दिवसाउजेडी, घरच्या रानात, आजीच्या नजरेखाली. मला वाटतं आपल्या लहान गावांत हा खेळ वाढायचा असेल तर तो इथून वाढेल. गुळगुळीत ग्रॅनाइट आणि समजूतदार वॉचमन प्रत्येक गावात नसतो, पण खोरं, घमेलं आणि विहिरीची माती असते. मी स्ट्रीटमध्ये वाढले, तो सोडणार नाही. तरी पुण्यात परतल्यावर माझ्या मैत्रिणीच्या शेतावर मी पहिला चढ रचणार आहे, हे त्याच सकाळी ठरवलं.

दुपारी मामेभावाने थोरल्याला शहरात बोलावलं. तो नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण तो दोघांना घेऊन आला. संध्याकाळी संकुल बंदच होतं. त्यांच्या सायकलींना पेग नाहीत, कठड्यावर काही करता येईना. त्यांना सपाट जमीन विचित्र वाटत होती, कुठे दाबायचं ते कळत नव्हतं. शहरातल्या पोरांनी त्यांना बनीहॉप, म्हणजे सपाटीवरून सायकलसकट उडी, शिकवायला घेतला. मग थोरला मागच्या ओट्यावर चढला, तिथून खाली पाच पायऱ्या आणि पुढे उतरता रस्ता. वॉचमन काका स्वतः रस्त्यावर जाऊन उभे राहिले, "गाडी नाही, ये." त्याने कसरत काहीच केली नाही. पायऱ्यांवरून तो लांब, सावकाश उडाला, हवेत सायकल थोडी आडवी पडू दिली आणि रस्त्याच्या उतारावर अलगद उतरला. पायऱ्यांवरून उडी मारून सपाटीवर दाणकन आदळायची सवय असलेल्या पोरांनी ती उतरण इतके महिने बघितली होती, पण तिच्यावर उतरायचं असतं हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग रात्रभर तेच चाललं.

चहा प्यायलो, स्टँडसमोर. तिथे दोन्हीकडच्यांनी मिळून ठरवलं की रील टाकायची तर गावाचं नाव, शेत, विहीर, यातलं काही दिसता कामा नये.

सोमवार

पुण्याची गाडी दुपारची होती. सकाळी मामेभाऊ मला घेऊन बाजारात गेला, हार्डवेअरच्या दुकानातून खोऱ्याचं पातं घेतलं, शेजारी बाभळीचा दांडा बसवून घेतला आणि मामीकडे जुनी गोणपाटं मागितली. मामीने कशाला म्हणून विचारलं तेव्हा त्याने थोरल्याचा मेसेज वाचून दाखवला: गुरुवारपर्यंत लाईट दिवसाची, शुक्रवारपासून रात्रीची. चौथा चढ हातभर वाढवायचा आहे. येणाऱ्याने गमबूट आणि जेवणाचा डबा आणावा, भाकरी काकू देतील.